कमान पाटा मोडण्यापूर्वी

बंगळुरूला समुद्र नाही. मंगळुरूचा किनारा सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आणि वाटेत शिराडी घाट. तरीही या शहरात होड्या आहेत. उल्सूर तलावाकाठी मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे व तेथील जवान याच तलावात नौकानयनाचा सराव करतात. 1985 ते 1987 या काळात ‘तृष्णा’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अधिकारीही लष्कराच्या इंजिनिअर शाखेचेच होते.

अशा गावातली होडी पाण्यापेक्षा रस्त्यावर जास्त चालते. मोटारीमागच्या दोनचाकी ट्रेलरवरून ती नेली जाते. होडीला दरवर्षी रंग मिळतो. ट्रेलरच्या खाली वाकून मात्र कोणी पाहत नाही. होडी उतरवताना ट्रेलरची चाके पाण्यात जातात, पाट्यांच्या फटींत ओल राहते आणि गंज आतून धरतो. समुद्राचे खारे पाणी लागले असेल तर फारच लवकर. मग एखाद्या खड्ड्यात पाटा मोडतो, एक्सल मागे सरकतो, टायर चौकटीला घासून फुटतो. मागून स्कूटरवर कोणाचे तरी कुटुंब येत असते.

मोडलेला पाटा वेल्डिंग करून देणारे कारागीर भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. पाट्याच्या पोलादाला लवचीकपणा येतो तो ठरावीक तापमानाला तापवून थंड केल्यामुळे. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते आणि सांध्याशेजारीच पाटा पुन्हा तुटतो. जुन्या बाजारातला ट्रकचा पाटा लावणे हीदेखील काटकसर नव्हे. तो इतका कडक असतो की हलका ट्रेलर उड्या मारतो आणि सगळे धक्के होडीच्या तळाला बसतात.

जुना पाटा सोबत घेऊनच जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत जावे. दोन्ही डोळ्यांमधले अंतर, रुंदी, जाडी आणि पाट्यांची संख्या जुळली पाहिजे. एकच बाजू मोडली असली तरी दोन्ही बदलाव्यात, नाहीतर ट्रेलर एकीकडे कलतो. यू-बोल्ट नवेच घ्यावेत. जुन्यांचे आटे ताणलेले असतात. शॅकल आणि बुश झिजले असतील तर तेही आताच.

कामाच्या आदल्या दिवशी गंजलेल्या नटांवर तेल सोडून ठेवावे. होडी उतरवून ठेवलेली बरी. चौकट जॅकने उचलून पक्क्या घोड्यांवर टेकवावी, विटांवर कधीही नाही; वीट न सांगता फुटते. पाट्याचा मधला बोल्ट एक्सलवरच्या भोकात नीट बसला की यू-बोल्टचे नट आलटून पालटून आवळावेत. नंतर पुढच्या हुकापासून दोन्ही चाकांपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. ते सारखे नसेल तर एक्सल तिरका आहे आणि टायर महिन्याभरात एका कडेने खाल्ले जातील.

पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत थांबून नट पुन्हा आवळावेत, कारण नवे पाटे बसताना थोडे दबतात. आणि तळ्यावर पोचताच ट्रेलर पाण्यात ढकलण्याची घाई नको. चाकाचा हब तापलेला असतो. गार पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये शिरते. हबला हात लावून पाहावा, तो थंड होईतो डबा उघडून मुलांना खाऊ घालावे.