ईएमआय तुझा, फी कुणाची?

लग्नाचं बजेट काढताना आपण काय हुशार असतो! हॉल, केटरर, आहेर, फोटोग्राफर, सगळ्याची एक्सेल शीट रेडी. घटस्फोटाच्या वेळी मात्र तीच दोन शिकलेली, पगारदार माणसं एकच आकडा ठरवून मोकळी होतात. ‘महिन्याला इतके देतो.’ संपला विषय. खरं तर विषय तिथून सुरू होतो.

माझ्या एका मैत्रिणीचंच बघा. ती इथे सोलापुरात नोकरीला, जुळे सोलापुरात भाड्याने राहते, लेक तिच्याकडे. तो पुण्यात, आयटीत. परस्पर संमतीने घटस्फोट, तमाशा नाही. लेक तेव्हा बालवाडीत होती आणि ठरलेली रक्कम ऐसपैस वाटायची. आता ती पाचवीत आहे. फी, रिक्षावाले काका, चष्मा, क्लास, सगळं वाढलं. आकडा तोच. मग प्रत्येक नव्या खर्चाला हिने मेसेज टाकायचा, त्याने ‘बघतो’ म्हणायचं. कधी कधी तर लेकच फोनवर सांगते, ‘बाबा, मम्मीने फीचं विचारलंय.’ दहा वर्षांच्या पोरीला वसुलीला पाठवायचं? हे काही बरोबर नाही राव.

या बाबतीत नागपूरची एक केस वाचण्यासारखी आहे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’. तिथल्या फॅमिली कोर्टाने 2015 मध्ये अंतरिम आदेश देताना मुलासाठी सप्टेंबर 2013 पासून दोन वर्षं महिना 5,000 रुपये धरले आणि त्यानंतर 10,000. म्हणजे तान्ह्या बाळाचा खर्च वेगळा आणि पळणाऱ्या पोराचा वेगळा, हे कोर्टाला कळलं. आपल्याला करारनाम्यावर सही करताना का कळू नये? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांच्या खर्चाचा आदेश नंतरही बदलून घेता येतो. पण त्यासाठी पुन्हा वकील, पुन्हा तारखा. त्यापेक्षा दरवर्षी किती वाढ, हे आधीच लिहून घ्या ना!

ही केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. 4 नोव्हेंबर 2020 ला न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही पगार, मालमत्ता, कर्ज, खर्च असं सगळं प्रतिज्ञापत्रावर मांडायचं. मुलाच्या खर्चात जेवण, कपडे, औषधपाणी, शिक्षण तर आलंच, शिवाय राहण्याचा खर्चही आला. क्लासही आले, अर्थात झेपेल इतपतच. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांचा, पण आई चांगलं कमावत असेल तर दोघांनी मिळकतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा.

प्रमाणात, बरं का. फिफ्टी-फिफ्टी ऐकायला एकदम मॉडर्न वाटतं. पण समजा त्याचा पगार 90 हजार, तिचा 45 आणि लेकीचा खर्च 18 हजार. निम्मे-निम्मे केले तर त्याच्या पगाराचा दहावा हिस्सा जातो, तिच्या पगाराचा पाचवा. प्रमाणात केलं तर तो 12 हजार देणार, ती 6. सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच एका निकालात दोघं कमावत्या आई-वडिलांना असा दोनास एक हिशोब लावून दिला होता.

आता ते ‘राहणं’. इथेच सगळे फसतात. फीची पावती असते, ती फॉरवर्ड करता येते. पण लेकीसाठी वन-बीएचकेऐवजी टू-बीएचके घेतला, त्या जादा भाड्याची पावती कुठे असते? उन्हाळ्यात सोलापूर कसं तापतं ते आपल्याला सांगायला नको. तिच्या खोलीतला कूलर दुपारभर चालतो आणि लाइट बिल आईच्या नावावर येतं. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत आजी सांभाळते, ते तर हिशोबातच नाही.

तिकडे तो म्हणतो, ‘माझा फ्लॅटचा ईएमआय जातोय.’ खरंय, जातो. पण पगारातून इन्कम टॅक्स आणि सक्तीच्या कपाती कोर्ट वजा धरतं, आपण होऊन घेतलेल्या लोनचा हप्ता सहसा नाही. आणि लोन दोघांच्या नावावर असेल तर मुलींनो, सावध! घटस्फोट तुमचा होतो, बँकेशी नाही. कर्जातून नाव लेखी कमी होत नाही तोवर हप्ता थकला की बँक दोघांनाही विचारणार.

आता मैत्रिणीने लेकीच्या खर्चाची शीट बनवून त्याला मेल केलीये. भाड्यातला वाटा, लाइट, दवाखाना, सगळ्याला वेगळी ओळ. त्याने बऱ्याच ओळींना ओके दिलं, भाड्यावर जरा कुरकुरला, पण मानला. अडलंय ते तिकिटावर. सुट्टीत लेक पुण्याला जाते तेव्हा तिला सोडायला जाणाऱ्याचं भाडं कोणी द्यायचं? तो म्हणतो आईने, ती म्हणते बाबाने. दिवाळीची रिझर्व्हेशन्स उघडायच्या आत ठरवा म्हटलंय दोघांना.