एकट्याची गिटार व झीलकऱ्यांची संगत

अलीकडे जुन्नर व आंबेगांव ह्या आपल्या दोन तालुक्यांतहि कित्येक विद्यार्थ्यांच्या हातीं गिटार दिसूं लागली आहे. ही आनंदाची गोष्ट होय. कारण ज्या हातांस वाद्याची संवय लागते ते हात सहसा रिकामे राहत नाहींत. परंतु गिटारपाठोपाठ घरांत दुसरी एक मागणी येते. पाश्चात्य रॉक संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांत गिटारचा जो डोलणारा, पाण्यावरच्या उन्हासारखा हलणारा सूर ऐकूं येतो, तो आपल्या गिटारींतून निघत नाहीं, अशी मुलाची तक्रार असते. आणि त्यासाठीं ‘कोरस’ व ‘फ्लँजर’ नांवाच्या, पायानें दाबून चालू-बंद करावयाच्या डब्या, म्हणजेच पेडलें, विकत घ्यावीं असा त्याचा हट्ट असतो. ज्या घरांत टोमॅटोच्या भावावर वर्षाचा हिशेब बसतो, तेथें हा हट्ट लहान नव्हे. वडील म्हणतात, “हा परका गोंगाट कशाला?” मुलगा म्हणतो, “डबीवांचून तो सूर निघणारच नाहीं.” आमच्या मतें ह्या वादांत दोघांचेंहि म्हणणें अर्धेंच खरें आहे.

प्रथम ही डबी करते काय, तें पाहूं. तारेच्या मूळ आवाजाची ती एक नक्कल करते, ती नक्कल किंचित् मागें ठेवते, आणि दोन्ही आवाज मिसळून पुढें पाठविते. मागें ठेवण्याचा हा अवधि फ्लँजरमध्यें साधारणतः सेकंदाच्या एक ते दहा सहस्रांश व कोरसमध्यें सुमारें वीस-तीस सहस्रांश असतो. शिवाय तो स्थिर नसून सावकाश कमीजास्त होत असतो, व त्यामुळें नकलेची पट्टी किंचित् चढते आणि उतरते. पुणें-नाशिक रस्त्यावर भोंगा वाजवीत येणारी मोटार जवळून पुढें गेली म्हणजे भोंग्याचा सूर उतरल्यासारखा वाटतो, त्यांतलाच हा प्रकार. फ्लँजरमध्यें आणखी एक मौज होते. अवधि एक सहस्रांश असला तर सेकंदास ५००, १५००, २५०० अशा कंपनांचे सूर एकमेकांस मारून टाकतात, आणि १०००, २००० अशा कंपनांचे सूर दुणावतात. अवधि हलला कीं ह्या खांचाहि सरकूं लागतात. विमान डोक्यावरून गेल्यासारखा जो घोंघावणारा आवाज आपण ऐकतों, तो ह्या सरकत्या खांचांचा होय.

हें तत्त्व परकें मानण्याचें आपणांस तर मुळींच कारण नाहीं. नारायणगांवाजवळ खोडद येथें जी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्या तीस तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, व त्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. आकाशांतील एकाच उगमापासून निघालेली लहर ह्या तबकड्यांवर एकाच क्षणीं पोंचत नाहीं. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनहि लहान असा कांहीं विलंब मध्यें पडतो. तेथील शास्त्रज्ञ तो विलंब मोजून दुरुस्त करतात, व मग सर्व लहरी एकत्र आणतात. ते विलंब काढून टाकतात, गिटारवाला तो मुद्दाम घालतो. पण ‘एकच लहर दोन वेळीं पोंचली तर काय होतें?’ हा प्रश्न दोघांचाहि एकच आहे. विज्ञानदिनाच्या निमित्तानें खोडदला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न तेथें अवश्य विचारावा.

आतां ह्या डबीचें नांव पहा. कोरस म्हणजे समूहगान. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या वीस सहस्रांशांत सुमारें सात मीटर. आपल्यामागें सात मीटरांवर दुसरा एक गायक उभा राहून तेंच गाणें म्हणत असता, तर त्याचा आवाज जितका उशिरां कानीं आला असता, तितकाच उशीर ही डबी करते. म्हणजे ती एका माणसाच्या मागें दुसरा माणूस उभा करण्याचें सोंग आणते. आणि माणसांमागें माणसें उभीं करण्याची कला तर आपल्या ह्या मुलखाची घरची आहे. तमाशाच्या फडांच्या राहुट्या जत्रांच्या हंगामापूर्वी नारायणगांवीं पडतात, व गांवोगांवचे लोक तेथें सुपारी द्यावयास येतात. विठाबाई नारायणगांवकर (निधन २००२) ह्यांच्या नांवानें ह्या गांवाची कीर्ति सर्व महाराष्ट्रांत पोंचली. तमाशांत मुख्य गायकाच्या मागें तुणतुणें व झांज घेऊन झीलकरी उभे असतात. शिवनेरीच्या पायथ्याशीं पोवाडा रंगतो, तेव्हां शाहिराच्या मागून ‘जी जी’ ची झील उठते तीहि हीच. हे लोक सूर उचलतात तेव्हां कोणी केसभर आधीं असतो, कोणी केसभर मागें. कोणाचा स्वर रेसभर चढा, कोणाचा उतरा. ह्या बारीक फारकतींतूनच तो भरदार आवाज तयार होतो. सगळे जर तंतोतंत एक झाले, तर आवाज नुसता मोठा होईल, भरदार होणार नाहीं.

पाश्चात्यांनींहि ही डबी माणसांच्या संगतीवरूनच घेतली आहे. ध्वनिमुद्रणांत एकच गायक तेंच गाणें दोन वेळां म्हणे व दोन्ही आवाज एकावर एक बसवीत. बीटल्स ह्या वाद्यवृंदांतील जॉन लेनन ह्यास असें दोनदां म्हणण्याचा कंटाळा येई. म्हणून १९६६ सालीं लंडनच्या ॲबे रोड येथील केन टाउनसेंड ह्या तंत्रज्ञानें फितीच्या यंत्रावर आपोआप दुसरा आवाज निर्माण करण्याची युक्ति काढली. दोन फिती एकदम चालवून एकीच्या चक्राच्या कडेस, म्हणजे फ्लँजला, बोट लावलें कीं ती किंचित् मागें पडते. फ्लँजर हें नांव ह्यावरून पडलें असें सांगतात. १९६७ सालच्या स्मॉल फेसेस ह्यांच्या ‘इचीकू पार्क’ ह्या गाण्यांत हा परिणाम स्पष्ट ऐकूं येतो. पुढें १९६९ सालीं फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनीं अशी विद्युद्रचना शोधिली कीं, आग विझवितांना माणसें रांगेनें एकमेकांच्या हातीं पाण्याच्या बादल्या देतात, त्याप्रमाणें विजेचा भार एका कप्प्यांतून दुसऱ्यांत ढकलीत न्यावा व तेवढ्यानें तो लांबवावा. तिच्या योगानें फितीचें मोठें यंत्र जाऊन हातांत मावणारी डबी आली. जपानच्या रोलंड कंपनीनें १९७५ सालीं कोरस अंगांतच असलेला ‘जाझ कोरस’ ध्वनिवर्धक काढला, व १९७६ सालीं बॉस ह्या नांवानें पहिलें कोरस पेडल.

हा इतिहास सांगण्याचें कारण अगदीं व्यवहारी आहे. जुन्या मुद्रिकेचा सूर साधावयाचा, तर ती मुद्रिका केव्हांची हें आधीं पहावें. डीप पर्पलचें ‘स्मोक ऑन द वॉटर’ १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. त्या वेळीं कोरस पेडल जन्मासच आलें नव्हतें. तेथें तें लावणें म्हणजे शिवकालीन नाटकांत पात्राच्या मनगटावर घड्याळ बांधणें होय. उलट पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ (१९७९) मधील डेव्हिड गिल्मोर ह्याच्या गिटारला, किंवा पोलीस ह्या वाद्यवृंदांतील अँडी समर्स ह्याच्या सुरावटीस, फ्लँजरवांचून तो रंग येणार नाहीं. निर्व्हानाच्या ‘कम ॲज यू आर’ (१९९१) ह्या गाण्याचा पाणीदार सूर तर कोरस पेडलचाच आहे. आणि जेथें ही डबी खरोखरच हवी, तेथेंहि ती बेतानें वापरावी. गतीची व खोलीची अशा दोन्ही कळा आरंभीं निम्म्याच्याहि खालीं ठेवाव्या. आवाज फाटका करणारें पेडल असल्यास कोरस सहसा त्याच्यापुढें, म्हणजे ध्वनिवर्धकाच्या बाजूस, जोडावा. डबी बंद केल्यावर कांहींतरी हरवल्यासारखें वाटावें, परंतु चालू असतांना तिची आठवण होऊं नये, एवढेंच तिचें प्रमाण.

पालकांनीं मात्र ‘परका’ ह्या एका शब्दावर हा विषय संपवूं नये. हार्मोनियमहि एके काळीं परकीच होती. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली व ती बंदी सुमारें तीन दशकें टिकली. तरीहि तोंपर्यंत ती आपल्या भजनांत अशी रुळली होती कीं, आज ‘पेटी’ म्हटल्यावर तिच्या परकेपणाची कोणास आठवणहि होत नाहीं. वाद्य कोठून आलें ह्यापेक्षां तें कोणाबरोबर वाजविलें जातें, हें अधिक महत्त्वाचें.

आणि विद्यार्थिमित्रहो, आमचें खरें म्हणणें येथेंच आहे. डबी तुम्हांस जमाव देईल, पण संगत देणार नाहीं. तुम्ही चुकलांत तर ती चूकहि ती इमानानें दुणावील. झीलकरी तसें करीत नाहीं. गायकाचा दम सरला तर तो सूर उचलून धरतो, शब्द निसटला तर पुरवितो, लय धांवूं लागली तर मागें ओढतो. तो ऐकत असतो. डबी ऐकत नाहीं. खोलीचें दार लावून, एकट्यानेंच दोघांचा आवाज काढीत बसलेल्या मुलास सूर कदाचित् सांपडेल, परंतु दुसऱ्याचें ऐकून आपला सूर सांभाळण्याची विद्या त्याच्या हातीं लागणार नाहीं; आणि ती विद्या पुढें शेतांत, कचेरींत व संसारांतहि लागते.

म्हणून आमची सूचना अशी. डबी घेऊं नका असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती पहिल्या वर्षीं घेऊं नका. त्या वर्षीं गिटार असलेल्या दुसऱ्या एका सोबत्यास गांठा, दोघांच्या तारा मिळवा, आणि एकच सुरावट दोघे मिळून वाजवा. कितीहि प्रयत्न केला तरी तुम्ही तंतोतंत एक होणार नाहीं, आणि जो हलता सूर तुम्ही बाजारांत शोधीत होतां तो तुमच्या दोघांच्या मध्यें आपोआप उभा राहील. गांवच्या भजनांत मागून म्हणणारा नेहमींच हवा असतो. तेथेंहि एक हंगाम उभे राहून पहा. इतकें केल्यावरहि डबीची गरज वाटली, तर चारपांच जणांनीं वर्गणी काढून एकच घ्यावी, व आळीपाळीनें वापरावी. पालकांनींहि त्या वेळीं हात आंखडूं नये. कारण मुलगा आतां जें मागेल, तें कशाची नक्कल आहे हें जाणून मागेल.