मठ बायकांचा, संग्रहालय कुणाचं?

मैत्रिणींनो, गटाची सहल गोव्याला गेली की बस जुन्या गोव्यात थांबते. सगळ्याजणी सेंट झेवियरची शवपेटी बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. कोलशेतच्या आमच्या गटानंही तेच केलं असतं, पण मी हट्टानं सगळ्यांना टेकडीवर सांता मोनिका मठात नेलं.

आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांनी हा मठ १६०६ साली स्थापला. बायकांसाठीच्या आशियातल्या पहिल्या ख्रिस्ती मठांत तो मोजला जातो. आता तिथे ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. १९९४ साली ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं आणि २००२ मध्ये इथे आलं. हस्तिदंती मूर्ती, चांदीची पात्रं, पुरोहितांची जरीची वस्त्रं, सगळं देखणं आहे. पण हे जर त्या बायकांचं घर, तर त्या कुठे आहेत?

आमच्यातल्या एकीनं विचारलं, "या बायका इथे सुखात होत्या का गं?" मला वाटतं, 'तुरुंग' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. इथे विधवा आल्या, लग्न न ठरलेल्या मुली आल्या. लिहिणं-वाचणं, गायन, मठाचा कारभार त्यांच्याच हातात होता. मठाकडे पैसा आणि जमीन जमली तेव्हा शहरातल्या पुरुषांनी पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी केल्या! पण आत यायला हुंडा लागे. मानाची जागा मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या घरंदाज मुलींना; पाणी भरणाऱ्या, झाडणाऱ्या, रांधणाऱ्या बायका इथल्याच मातीतल्या, काही तर गुलाम. म्हणजे भिंतीच्या आतही वर्ग आणि वर्ण होतेच. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बंद केले. नव्या बायका घेणं थांबलं, जुन्या एकेक करून म्हाताऱ्या होत गेल्या.

खाली, आर्चबिशपांच्या जुन्या प्रासादाजवळ, सेंट फ्रान्सिसच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे व्हाइसरॉयांची चित्रं ओळीनं लावलेली, प्रत्येकाचं नाव ठाऊक. त्याच संग्रहालयात सतीशिळाही आहेत. बाई दगडात कोरली, नाव मात्र राहिलं नाही.

दोन्ही ठिकाणी आपण अभिप्रायवहीत लिहावं, असं माझं मत आहे. सांता मोनिकात एक खोली या बायकांना द्या, त्यात हुंड्याचा हिशेब असू द्या, मोलकरणीही असू द्या. आम्ही परतताना बसमध्येच पत्राचा मसुदा केला. ज्या गटांना सही करायची असेल त्यांनी अंक मिळाल्यावर कळवावं.