मागितल्यावाचून न मिळणारा परतावा

सप्टेंबर २०२३ मध्ये, गणेशोत्सवाच्या दिवसांत, कॅनडातील मिसिसागा शहरातून माझ्या भाचीचा फोन आला. आवाजात आनंद होता आणि संतापही. तिने व तिच्या यजमानांनी टोरांटो परिसरात एक नवी सदनिका बिल्डरकडून घेतली होती. राहण्यासाठीच घेतली होती. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये ताबा व मालकी मिळण्यापूर्वी यजमानांच्या नोकरीचे ठिकाण बदलले आणि सदनिका भाड्याने द्यावी लागली. त्यांनी ही गोष्ट वकिलाला प्रामाणिकपणे सांगितली. त्यावर उत्तर आले की, करारातील किंमत तुम्ही स्वतः राहणार असे गृहीत धरून, कराची सवलत आधीच वजा करून लिहिलेली आहे. तुम्ही राहणार नसाल तर आणखी २४,००० डॉलर भरा. पुण्यातील मुदत ठेव मोडून, भावाकडून काही उसने घेऊन त्यांनी ते भरले, आणि कर म्हणजे गेलेला पैसा असे समजून विसरून गेले.

बावीस महिन्यांनी, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभे असताना एका अनोळखी गृहस्थांनी सहज विचारले, "भाड्याने दिलेल्या घराचा अर्ज केलात ना?" असा काही अर्ज असतो हे तिला तेव्हा प्रथमच कळले. घरी जाऊन कागद उपसले, तेव्हा वकिलाने दिलेल्या जाडजूड गठ्ठ्यात त्याविषयीची एक ओळ सापडली. अर्जाची मुदत संपायला अडीच महिने उरले होते.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षे सरकारात आहात. मला एवढेच सांगा, पैसे परत द्यायचे असे सरकारनेच ठरवले आहे, तर मग ते मागावे का लागतात?"

हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. परदेशात घर घेऊन ते भाड्याने देणारी मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत, म्हणून प्रथम त्या कराची रीत सांगतो.

कॅनडात १ जानेवारी १९९१ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, सुरू झाला. तेव्हा त्याचा दर ७ टक्के होता. तो २००६ मध्ये ६ व २००८ मध्ये ५ टक्के झाला. ओंटारिओ प्रांताने १ जुलै २०१० पासून आपला ८ टक्के विक्रीकर त्याच्याशी जोडला आणि दोन्ही मिळून १३ टक्क्यांचा एचएसटी झाला. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घरावर हा कर लागतो. घराच्या मासिक भाड्यावर मात्र तो लागत नाही.

भाडे करमुक्त आहे हे ऐकून बरे वाटते; पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'करमुक्त' हा शब्द सावधपणे वाचावा लागतो. दुकानदार विकलेल्या मालावर कर घेतो आणि खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करतो. ज्याचे उत्पन्नच करमुक्त, त्याला ही वजावट मिळत नाही. घर भाड्याने देणाऱ्याने घर घेताना भरलेला १३ टक्के कर त्याच्या गळ्यात राहतो, आणि दीर्घकाळात तो भाड्यातून वसूल होतो. उलट, स्वतःच्या घरात राहणाऱ्याला या कराचा काही भाग परत देण्याची सोय १९९१ पासूनच होती. म्हणजे घर विकत घेऊ शकणाऱ्याला सवलत, आणि ज्याची तेवढी ऐपत नाही त्या भाडेकरूच्या माथी पूर्ण कर, असा उफराटा न्याय झाला होता. तो दूर करण्यासाठी २००० सालच्या अर्थसंकल्पाने नव्या भाड्याच्या घरांनाही परतावा दिला. हेतूबद्दल वाद नाही. किंबहुना हा परतावा म्हणजे मेहेरबानी नसून आधीच्या चुकीची दुरुस्ती होती.

आता हिशेब पाहू. करापूर्वी ४,००,००० डॉलर किंमत असलेल्या सदनिकेवर केंद्राचा कर २०,००० आणि ओंटारिओचा ३२,००० डॉलर होतो. प्रांत आपल्या कराचा ७५ टक्के भाग, जास्तीत जास्त २४,००० डॉलर, परत देतो. आणि घर कितीही महाग असले तरी ही कमाल रक्कम मिळते. केंद्राचा परतावा कराच्या ३६ टक्के. पण ३,५०,००० डॉलरच्या पुढे तो घटत जातो आणि ४,५०,००० डॉलरला शून्य होतो. आपल्या उदाहरणात केंद्राकडून ३,१५० आणि प्रांताकडून २४,००० असे २७,१५० डॉलर परत मिळतील.

या मर्यादांचा इतिहास बोलका आहे. ३,५०,००० आणि ४,५०,००० हे आकडे १९९१ चे. त्यानंतर घरांच्या किमती कोठच्या कोठे गेल्या, परंतु भाड्याच्या घरांना २००० साली परतावा दिला गेला तोही याच मर्यादांसह. कराचा दर उतरला तेव्हा मात्र परताव्याची कमाल रक्कम तत्परतेने ८,७५० वरून ७,५६० आणि पुढे ६,३०० डॉलरवर आणली गेली. जे कमी करायचे ते वेळेवर झाले, जे वाढवायचे ते राहून गेले. टोरांटोसारख्या महानगरात ४,५०,००० च्या आत नवे घर मिळणे दुर्मीळ झाल्यामुळे केंद्राचा हा परतावा तेथे कायद्याच्या पुस्तकात जिवंत आणि व्यवहारात जवळजवळ मृत आहे.

उरतो प्रांताचा परतावा. त्यासाठी घर अगदी नवे हवे, निदान एक वर्षाचा भाडेकरार हवा आणि भाडेकरू तेथे खरोखर राहणारा हवा. चार-आठ दिवसांच्या पाहुण्यांना दिलेले घर चालत नाही. वर्षाच्या आत, स्वतः राहणार नसलेल्या माणसाला घर विकले तर परतावा व्याजासह परत करावा लागतो. या अटी मला रास्त वाटतात. घरांचा सट्टा करणाऱ्यांच्या खिशात सार्वजनिक पैसा जाऊ नये हे योग्यच आहे. शेवटची अट मुदतीची. कर देय झाला त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन वर्षांत अर्ज आला पाहिजे, नाहीतर हक्क संपला. उलट, दिलेला परतावा चुकीचा होता असे ठरवायला खात्याला अर्जाच्या तारखेपासून साधारणपणे चार वर्षे मिळतात. नागरिकाला दोन आणि सरकारला चार, या तराजूकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

कॅनडाचे प्रशासन हट्टी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. स्वतः राहण्याच्या घराच्या परताव्यात अशी अट होती की, करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाने तेथे राहावे किंवा राहणाऱ्याचा नातलग असावे. नातलग कोण हेही कायद्याने ठरवलेले. सख्खा भाऊ चालतो. चुलतभाऊ, मामा किंवा मित्र चालत नाही. कर्ज मिळावे म्हणून मित्राची सही घेणे परक्या देशात नव्याने स्थिरावणाऱ्यांत सर्रास चालते. २०१८ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने अशाच एका प्रकरणात परतावा नाकारला, कारण कायद्याचे शब्द स्पष्ट होते. पण २०२१ च्या अर्थसंकल्पाने ही अट बदलली; सह्या करणाऱ्यांपैकी एकाचा किंवा त्याच्या नातलगाचा राहण्याचा हेतू असला तरी पुरे झाले. चूक दाखवली तर सुधारता येते, एवढे यातून दिसते.

आपल्याकडे भाड्याच्या नव्या घरासाठी असा परतावाच नाही. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर ५ टक्के, परवडणाऱ्या घरावर १ टक्का, आणि तो भरला की संपला. तेव्हा भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या योजनेत नव्हे, तर माझ्याच जुन्या मेजावर शोधावे लागले.

२००४ मध्ये मी दक्षिणेतील एका औद्योगिक शहरात अप्रत्यक्ष कराच्या परताव्याचे दावे निकालात काढीत असे. एका लघुउद्योजकाने चुकून जादा अबकारी भरली होती. रक्कम मोठी नव्हती, पण त्याच्या आठ-दहा कामगारांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. कराचा बोजा ग्राहकावर टाकलेला नाही हेही त्याने सिद्ध केले होते. कायद्याने मुदत एक वर्ष. अर्ज एकोणीस दिवस उशिरा आलेला. मी 'मुदतबाह्य' असा शेरा मारून दावा फेटाळला. तो भेटायला आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, पैसे माझे आहेत हे तुम्हाला मान्य आहे ना?" मी म्हणालो, आहे. "मग?" एवढेच त्याने विचारले. माझ्याजवळ कलम होते, उत्तर नव्हते. त्याच कायद्याखाली, लपवाछपवीचा आरोप ठेवून, खात्याला मात्र पाच वर्षे मागे जाता येत असे.

माझा आदेश कायदेशीर होता आणि आजही तसाच द्यावा लागेल. आपल्या जीएसटी कायद्यातही परताव्याची मुदत दोन वर्षांची आहे. मुदत असू नये असे मी म्हणत नाही. सरकारलाही आपले हिशेब कधीतरी मिटवावे लागतात, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या दाव्यांची शहानिशा करता येत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. मुदत धावू लागली हे ज्याला ठाऊकच नाही, त्याच्याविरुद्ध ती धावते.

आणि मागितल्यावाचून देता येतच नाही, असेही नाही. भारतात जुलै २०१७ पासून, कर भरून माल निर्यात करणाऱ्याचे शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. जहाज सुटल्याची नोंद आणि विवरणपत्र जुळले की वेगळा अर्ज करावा लागत नाही. सुरुवातीला नोंदी न जुळल्याने निर्यातदारांचे हाल झाले, पण रीत रुजली. परदेशी चलन आणणाऱ्या निर्यातदाराला जे देता येते, ते इतरांना का देता येऊ नये?

भाचीच्या बाबतीत सरकारला काय ठाऊक नव्हते? मालकीची नोंद होती, बिल्डरने भरलेला कर होता, सवलत नाकारली गेल्याचे कागद होते. फक्त भाडेकरार ठाऊक नव्हता. मग नोंदणीनंतर तीन महिन्यांनी एक साधे पत्र जावे: आपण इतका कर भरला आहे, घर वर्षभराच्या करारावर भाड्याने दिले असल्यास इतकी रक्कम परत मिळू शकते, अमुक तारखेपर्यंत करार पाठवा. मुदत या पत्राच्या तारखेपासून मोजावी. उशीर झालाच तर व्याज नाकारावे, मुद्दल नाकारू नये. यात तिजोरीचे नुकसान होते असे कोणी म्हणेल, तर त्याने हेही कबूल करावे की तो फायदा लोकांच्या अज्ञानातून होत होता.

भाचीच्या फोनच्या थोडे दिवस आधी, १४ सप्टेंबर २०२३ रोजी, कॅनडा सरकारने भाड्यासाठीच बांधल्या जाणाऱ्या नव्या इमारतींवरील केंद्राचा सगळा कर परत देण्याची घोषणा केली होती. पुढे तसा कायदा झाला आणि ओंटारिओनेही आपला भाग सोडला. सुटी सदनिका भाड्याने देणाऱ्याला तो लाभ नाही. घरांची टंचाई पाहता धोरण समजण्यासारखे आहे. पण मोठ्या बांधकाम कंपन्यांकडे तारखा सांभाळायला लेखापाल असतात. भाचीकडे प्रसादाची रांग होती.

तिला पैसे परत मिळाले. त्याच इमारतीत त्याच महिन्यात घर घेतलेल्या तिच्या शेजाऱ्यांना जानेवारीत कळले, तेव्हा मुदत उलटून महिना झाला होता. दोघांचा कर तोच, करार तसाच, प्रामाणिकपणाही सारखाच. परदेशात असे घर घेतलेल्या वाचकांनी आजच ताब्याचे कागद उघडून तारीख पाहावी आणि भाडेकरार जपून ठेवावा.

भाचीला मी त्या दिवशी म्हणालो, "बाळ, मागावे लागतात, कारण न मागणाऱ्यांचे पैसे उरतात, आणि ते उरणे आम्हांला चालते." एवढे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली.