जुगाडाचं कौतुक पुरे

"फौजी ना तुम्ही? मग एका पार्टसाठी सहा आठवडे गाडी ठोकळ्यांवर?" परवा वेलिंग्टनला भेटलेल्या एका निवृत्त सरांनी हसत हसत विचारलं. सरांचा मान ठेवून इथेच उत्तर देतो.

गाडी माझी स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासची. ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ सालची जेमतेम ७०० किलोची दोन सीटर स्पोर्ट्स कार, ती हेराल्डच्याच हाडांवर उभी राहिली. पुढचं सस्पेन्शन तर सख्ख्या बहिणींचं. आपल्याकडची हेराल्ड सत्तरीच्या सुरुवातीला थांबली, स्पिटफायर इंग्लंडमध्ये १९८० पर्यंत निघत राहिली. म्हणूनच तिचे पार्ट तिथे आजही बनतात. ते सोडून भंगार बाजारात 'जुळेल ते' शोधत फिरायचं, यात कसली मर्दुमकी?

या गाड्यांत पुढच्या चाकाचा भार उचलणाऱ्या उभ्या लिंकच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते पिवळ्या धातूच्या ट्रनियनमध्ये बसतात आणि स्टिअरिंग वळवलं की त्यातच फिरतात. तिथे ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. पण आपल्याकडे निपल दिसला की ग्रीसगन! ग्रीस वाळून बसतं, पाणी शिरतं, आटे गंजतात. मग एक दिवस लिंक तुटते आणि चाक गाडीखाली आडवं होतं. बाहेरून आधी काही कळत नाही.

माझ्या लिंकला आट्यांवर केसाएवढा तडा सापडला. कुन्नूरचा घाट बायको-मुलीला घेऊन उतरलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. खाली एका गॅरेजवाल्याने तत्परतेनं सांगितलं, "लेथवर करून देतो सर, संध्याकाळी घेऊन जा." कुठल्या पोलादाची, विचारलं तर म्हणे शाफ्टच्या तुकड्याची! मूळ लिंक घडाईच्या पोलादाची. त्यात डाव्या-उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट, हे त्याच्या गावीही नव्हतं. वर सल्ला: मागे एक पाटा वाढवा, गाडी 'मजबूत' होईल. हलक्या गाडीला जड स्प्रिंग घातली की ती मजबूत होत नाही, बैलगाडी होते. वळणावर खड्डा आला की चाक रस्ता सोडतं.

ग्राहकही कमी नाहीत. इंजिनाच्या क्रोमवर हजारो उधळतील आणि रबरी बुश मात्र स्वस्तातला मागतील. तोही गाडी जॅकवर असतानाच आवळून टाकतील. चाकं जमिनीवर, वजन गाडीवर आणि मगच शेवटचा आवळा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं.

आणि सर, फील्डमध्ये जुगाड आपण सगळ्यांनीच केलाय. तुटलेला पाटा ठोकळ्यावर बांधून गाडी युनिटपर्यंत आणायची. पण आणल्यावर काय करायचो? व्हीओआर दाखवून ईएमईच्या हवाली करायचो. त्याच ठोकळ्यावर पुढच्या कॉन्व्हॉयला नव्हतो पाठवत. मेसमध्ये गोष्टीतला पहिला अर्धाच सांगितला जातो, एवढंच.

पार्सल मंगळवारी आलं. दोन्ही लिंक, दोन्ही ट्रनियन, बुशचा संच. कस्टम ड्युटीचा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही. रविवारी लॅम्ब्स रॉकपर्यंत जाऊन यायचा विचार आहे. सर, मागच्या सीटवर जागा आहे.