पाहुण्याला रिकामं जंगल दाखवू नका

परदेशातली कॉलेजची पोरं सहा महिन्यांसाठी इकडं शिकायला येतात, इकडची तिकडं जातात. अशी ही अदलाबदल. चांगली गोष्ट आहे. जानेवारीत आलेल्या पोराला पहिल्या आठ-दहा दिवसांत वन्यजीव दाखवायचे, तर मुंबईजवळ दोन जागा सोयीच्या. उरणच्या खाडीत रोहित पक्षी, नाहीतर कर्नाळा अभयारण्य.

उरणला जाताना जासई लागते. दि. बा. पाटलांचं गाव. १९८४ च्या जानेवारीत या भागातल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी गोळ्या झेलल्या, पाच जण गेले. इथं गाडी थांबवून पोराला हे कोण सांगतो? पुढं चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला जंगलच्या हक्कासाठी तिथं सत्याग्रह झाला, तिथंही गोळ्याच चालल्या. तेही कोण सांगत न्हाय. पाहुण्याला सांगतात काय, तर हा पक्षी सैबेरियातून आला, तो कच्छातून आला. पक्षी कुठून आला ते ठाऊक, माणूस कुठं गेला ते इचारायचं न्हाय.

माणूस कुठं गेला? वीटभट्टीवर. दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. दाराला काटेरी फांदी लावून बाया, पोरं, म्हातारे भट्टीवर, ते पार पावसाच्या तोंडापर्यंत. आणि पाहुणे पक्षी येतात ते याच दिवसांत. म्हंजे परदेशी पोरगं जंगल बघतं तेव्हा जंगलवाला तिथं नसतोच. त्याला वाटतं, हे रान माणसाविना असंच उभं राहिलं. त्याची चूक न्हाय, तो आठ दिवसांचा पाहुणा. दाखवणाऱ्याची चूक आहे.

आणि हे नुसतं मानापमानाचं न्हाय गाववाल्यांनो. दाव्याची पाहणी करायला साहेब त्याच दिवसांत आला तर तोही बंद झोपड्याच बघणार. "इथं कुणी राहत नाही" एवढं एक वाक्य कागदावर चढलं की पिढ्यांचा कब्जा गेला.

कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य आहे. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. ट्रकचा भोंगा पाखराला चालतो, करवंदाची पाटी घेऊन निघालेली बाई चालत न्हाय. हा कुठला न्याय? वनहक्काचा कायदा २००६ चा, आणि तो अभयारण्यालाही लागू आहे, हे लक्षात ठेवा. कुणी म्हणेल, "अभयारण्यात दावा बसत नाही", तर कायदा दाखवा म्हणा.

त्याच कायद्याचं कलम ५ वाचून घ्या. जंगल, वन्यजीव, जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. सामूहिक वनात कुणी यावं-जावं, याचे नियम ग्रामसभा करू शकते. म्हंजे राखणदार आपण. मग पाहुण्यांना घेऊन येणाऱ्या संस्थेनं, कॉलेजनं आधी आपल्याकडं यायला नको? पोरं येऊ देत, भाकरी देऊ. रान आपलाच माणूस दाखवील, त्याची पूर्ण मजुरी द्या. खेकडा कुठल्या बिळात, मध कुठल्या झाडाला, कडू कंद किती पाण्यात उकळला की खायजोगा होतो, हे ज्याला ठाऊक त्याच्या तोंडून ऐका. वाटेत दाव्याचा नकाशाही बघा. तिकडं जाऊन सांगाल तेव्हा पाखरासोबत आमचंही नाव घ्या.

हे ठरावात आलं पाहिजे, आणि दिवाळीच्या आधी. एकदा लोक भट्टीवर गेले की कोरम व्हायचा न्हाय. निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. म्हाताऱ्यांचे जबाब आताच लिहून घ्या, दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचे. तो कायद्यानं पुरावा आहे. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक घराचं नाव, कधी गेलं, कधी परत येणार, हे वनहक्क समितीच्या वहीत घाला, खाली सह्या-अंगठे घ्या. ठरावाच्या तीन प्रती करा. एक समितीकडं, एक उपविभागीय समितीला देऊन पोच घ्यायची, एक संघटनेकडं. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं न्हाय.