दोष फोनचा की स्पीकरचा?

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ आम्हा तिघांची खोली आहे. संगणकाच्या स्पीकरवर गाणे लावले, की मध्येच 'टर्र टर्र' असा आवाज येई आणि क्षणभराने टेबलावरचा जुना मोबाईल वाजे. "स्पीकर गेले, नवे घ्या," असे सर्वांचे मत पडले आणि चांगली जोडी भंगारात गेली. नव्या जोडीनेही तेच गाऱ्हाणे गायले, तेव्हा मला पदार्थविज्ञान आठवले!

जीएसएम फोन लहरी अखंड सोडत नाही. बोलताना सेकंदाला सुमारे २१७ ठोक्यांनी सोडतो. लहर ९०० मेगाहर्ट्‌झची, ती कानाला ऐकू येत नाही. ठोके मात्र ऐकू येण्याजोगे. लहरीची लांबी अवघी ३३ सेंटिमीटर, त्यामुळे वीतभर वायरही एरियल बनते. मग अॅम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर लहरीचे एकदिशीकरण करून ठोके वेगळे काढतो. जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना स्फटिकाच्या ज्या डिटेक्टरचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले, त्याचेच काम हा कोणी न सांगता करतो.

म्हणून माझे मत असे, की फोन आपले काम करतो. ऐकू नये ते ऐकणारा स्पीकर अधिक दोषी. स्वस्ताईसाठी आवरणात काटकसर करणाऱ्या कारखानदाराला ग्राहकाने जाब विचारला पाहिजे. तोवर साधे उपाय आहेत. फोन दूर ठेवावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले, की लहरींची तीव्रता चौथाई होते. वायर आखूड आणि जाळीच्या आवरणाची घ्यावी. अॅम्प्लिफायरपाशी वायरवर फेराइटचे कडे बसवावे. आमचा आवाज एवढ्यानेच थांबला.

फोर-जीवरच्या बोलण्यात हे २१७ ठोके नसतात. पण फोन टू-जीवर उतरला, की पाहुणा परत येतो.

वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी रेडिओवर धारवाडचे कन्नड आणि सांगलीचे मराठी कार्यक्रम लागत; शेजारी मिक्सर सुरू झाला, की दोन्ही सारखेच खरखरत. खरखरीला भाषा नसते. तिचे कारण शोधण्याची सवय मात्र आपल्या दोन्ही विभागांच्या वाचकांना लागावी. प्रयोगशाळेत एकदा जुना स्पीकर उघडून हे दाखवले, तर पुष्कळ जोड्या भंगारातून वाचतील.